तळटीप १२ : निवडुंगांच्या जनुकीय खुणा

१२. जनुकीय खुणा : डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा तोच तुकडा (उदा. जीए-जीए-जीए) ओळीने पुन्हापुन्हा येतो. तो किती वेळा येतो, हे एकाच जातीच्या दोन झाडांतही वेगळे असू शकते. अशा अनेक जागा तपासल्या की त्या झाडाची ओळख पटते. निवडुंगांसाठी ही तपासणी फार मोलाची आहे. अनेक जातींत मोडून पडलेला तुकडा मातीत रुजतो आणि नवे खोड उभे राहते. त्यामुळे शंभर खोडांचे बन म्हणजे मोजक्याच झाडांच्या प्रती असू शकतात. शिवाय कित्येक जातींत स्वतःच्या परागाने बी धरत नाही. अशा वेळी एकाच झाडाची कलमे शेजारीशेजारी लावून जात वाचत नाही. जतनासाठी जनुकीयदृष्ट्या निरनिराळी झाडेच निवडावी लागतात.

जतनाची निकड दाखवणारे एक उदाहरण : फ्लोरिडातील की लार्गो बेटावर १९९२ मध्ये आढळलेला उंच निवडुंग आधी 'पायलोसोसेरियस रॉबिनाय' समजला गेला. पुढे तो 'पायलोसोसेरियस मिल्सपॉघाय' ठरला. समुद्राचे खारे पाणी आत शिरू लागल्यावर २०२१ मध्ये त्याचे उरलेसुरले हिरवे तुकडे काढून अन्यत्र जगवावे लागले. क्यूबा आणि बहामात तो अजून आहे, अमेरिकेच्या रानात मात्र नाही. २०१५ च्या जागतिक आढाव्यानुसार निवडुंगांच्या सुमारे ३१ टक्के जाती धोक्यात आहेत. त्यांच्यासाठी ही जनुकीय तपासणी झाडे हाताशी असतानाच व्हायला हवी. – संपा.