कुन्नूरची प्रयोगशाळा आणि चौरस आहाराचा विचार

‘युक्ताहार’ हा शब्द गीतेच्या सहाव्या अध्यायातून मराठी माणसाच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. परंतु कोणते अन्न किती प्रमाणात घेतले असता शरीर दीर्घकाळ निरोगी राहते, याचा प्रयोगाच्या आधारे पद्धतशीर विचार आपल्या देशात विसाव्या शतकातच सुरू झाला. त्या विचाराचा इतिहास निलगिरीतील कुन्नूर येथे आरंभ पावतो व हैदराबादेस येऊन पोहोचतो. मराठी माणसाच्या ताटाचाही त्या इतिहासात उल्लेख आहे.

१९१८ साली कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एका खोलीत रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाची चौकशी आरंभिली. तांदूळ गिरणीत घासून पांढराशुभ्र केला, की कोंड्याबरोबर त्यातील जीवनसत्त्वही निघून जाते व केवळ अशा भातावर राहणाऱ्यास हा रोग जडतो, हे तोवर उमगू लागले होते. पोटभर जेवूनही मनुष्य उपाशी राहू शकतो, हा या शोधाचा खरा धडा होय.

मॅकॅरिसन यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग पांढऱ्या उंदरांवरील होय. वीस-वीस उंदरांचे सात गट करून त्यांना शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली व मद्रासी पद्धतीचे अन्न देण्यात आले. वाढीच्या दृष्टीने गटांचा क्रमही हाच लागला. मराठी आहार तिसरा आला. सांड न काढलेल्या गव्हाच्या पोळ्या, दूध, लोणी, डाळ, भाजीपाला व क्वचित मांस असा शीख आहार सर्वश्रेष्ठ ठरला. अशा अन्नावर पोसलेल्या आपल्या मूळ कळपात सव्वादोन वर्षांत आजारपणाचे एकही उदाहरण घडले नाही, असे मॅकॅरिसन यांनी १९३१ च्या सुमारास नमूद केले.

या क्रमावरून कोणी कोणत्या प्रांतास थोर वा हीन ठरवील, तर तो प्रयोगाचा विपर्यास होईल. त्या काळी सरकारदरबारी ‘लढाऊ जमाती’ची भाषा रूढ होती. परंतु येथे उंदीर सारे एकाच वाणाचे होते. फरक पडला तो अन्नामुळे. म्हणजे जी देहयष्टी वंशाची देणगी मानली जात होती, ती पुष्कळ अंशी ताटाची देणगी होती. शिवाय ‘मराठी आहार’ असा एकच आहार कोठे आहे? दुभती म्हैस दारी असलेल्या बागाईतदाराचे जेवण आणि भाकरी-मिरचीवर दिवस काढणाऱ्या मजुराचे जेवण, यांना एकाच नावाखाली घालता येत नाही.

आणखी एक मर्यादा आहे. भराभर वाढणे म्हणजे दीर्घकाळ जगणे नव्हे. जीवनसत्त्वे व क्षार पुरेसे ठेवून केवळ अन्नाचे उष्मांक मर्यादित केले असता उंदीर अधिक जगतात, असे अमेरिकेतील क्लाइव्ह मॅके व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये दाखविले. उंदरांचा हा निष्कर्ष माणसास जसाच्या तसा लावता येत नाही हे खरे. तथापि आहाराच्या विचारात पुरेपणाइतकेच मितत्वालाही स्थान आहे, हे त्यावरून ध्यानी येते.

१९५८ साली ही प्रयोगशाळा कुन्नूरहून हैदराबादेस आली. डॉ. व्ही. एन. पटवर्धन तेव्हा तिचे संचालक होते. त्यांच्यानंतर डॉ. सी. गोपालन यांनी ती धुरा वाहिली, आणि १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. दख्खनच्या पठारावर ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरीब लोकांत पेलाग्रा हा रोग आढळत असे. ज्वारीतील ल्यूसीन या घटकाच्या अतिरेकाशी गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध जोडला. या उपपत्तीवर पुढे मतभेद झाले. परंतु ज्या ज्वारीच्या भाकरीवर मराठी मुलूख पोसला, ती दोषी नाही. डाळ, दूध व पालेभाजी यांची जोड जेथे तुटते, तेथे तीच भाकरी अपुरी पडते.

कुन्नूर ते हैदराबाद या वाटचालीचा निष्कर्ष असा, की आरोग्य कोणत्याही एका पदार्थात नसून पदार्थांच्या मेळात आहे. आपल्याकडील ‘चौरस आहार’ हा शब्द हेच सांगतो. मात्र चौरसाच्या चारही बाजू प्रत्येकाच्या ताटात याव्यात, हे केवळ ज्ञानाने साधणारे नाही. मजुराला डाळ व दूध परवडेल तेव्हाच प्रयोगशाळेचे म्हणणे त्याच्या घरापर्यंत पोहोचेल.