वापरात राहिलेली राजधानी

राजधानीचे शहर म्हटले की तिथे पाहण्याजोगे काही असणारच, असे आपण धरून चालतो. दिल्लीला गेलेला माणूस लाल किल्ला आणि कुतुबमिनार पाहून येतो, विजापूरला गेलेला गोलघुमट, हंपीला गेलेला विठ्ठल मंदिर. ठाण्यापाशी मात्र ही समजूत अडखळते. उत्तर कोकणच्या शिलाहारांनी सुमारे साडेचारशे वर्षे या प्रदेशावर राज्य केले आणि त्यांच्या वैभवाच्या काळात श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे, हे त्यांच्या सत्तेचे ठिकाण होते. तरीही ठाण्याला कोणी राजधानी पाहायला येत नाही. खुद्द ठाणेकराला विचारले तर तलावपाळी, उपवन आणि येऊर यांपलीकडे नावे सहसा पुढे येत नाहीत. जुने काही उरलेच नाही, हे याचे नेहमी दिले जाणारे कारण. ते मला अपुरे वाटते. ठाणे आणि कल्याणच्या परिसरातली जुनी सत्तास्थाने जितकी मोडली, त्याहून अधिक ती वापरात राहिली, आणि प्रत्येक नव्या वापराने मागचे नजरेआड केले, असे माझे म्हणणे आहे. प्रेक्षणीय स्थळ आपोआप होत नाही. वास्तू कामातून मोकळी व्हावी लागते, कोणीतरी तिचे चित्र काढावे लागते, वर्णन छापावे लागते आणि तिच्याकडे जाणारी वाट उघडी ठेवावी लागते. ठाण्याच्या वाट्याला यातले फार थोडे आले.

ठाणे मुळात राजधानी होते का, असा पहिला आक्षेप येईल. तो गंभीर आहे, कारण शिलाहारांच्या लेखांत राजधानी म्हणून पुरीचे नाव येते. ही पुरी कोणती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी घारापुरी सुचवतात, कोणी जंजिऱ्याजवळची राजपुरी. पण अकराव्या शतकातला पुरावा ठाण्याकडे बोट दाखवतो. अल् बिरूनीने १०३० च्या सुमारास भारतावरचा आपला ग्रंथ लिहिला. त्यात कोकणची राजधानी म्हणून समुद्रकाठच्या ठाण्याचेच नाव आहे. त्याच शतकात गुजरातेतल्या लाट प्रदेशातून आलेला सोड्ढल हा कवी छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी या शिलाहार बंधूंच्या आश्रयाने स्थानकात राहिला आणि त्याने 'उदयसुंदरीकथा' रचली. कवी राजाश्रयासाठी जातो तो दरबार असेल तिथेच. शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७ मधल्या अरिकेसरीच्या दानपत्रात राजा श्रीस्थानक नगराच्या रहिवाशांना उद्देशून बोलतो. राजाची औपचारिक राजधानी एक आणि प्रत्यक्ष कारभाराची जागा दुसरी, असे इतिहासात अनेकदा घडले आहे. तेव्हा पुरीचा मान पुरीला देऊनही, दरबार, बंदर आणि कारभार एकत्र नांदत होते ते शहर ठाणेच होते, असे म्हणायला हरकत नाही.

परक्या प्रवाशांच्या नजरेतून हे शहर पाहिले की विसरण्याची सुरुवात किती लवकर झाली ते कळते. बाराव्या शतकात अल् इद्रिसीने ठाण्याचे वर्णन मोठ्या खाडीवरचे, जहाजांनी गजबजलेले सुंदर शहर असे केले आणि इथल्या बांबूची व वंशलोचनाची नोंद घेतली. मार्को पोलोच्या वृत्तांतात इथले चामडे आणि सुती कापड आहे, चाचेही आहेत. १२६५ च्या सुमारास महादेव यादवाने शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा पाडाव केला आणि शिलाहारांची सत्ता संपली. त्यानंतर साठेक वर्षांत ओडोरिक हा इटालियन धर्मोपदेशक ठाण्यात आला. १३२१ मध्ये इथे मारल्या गेलेल्या चार ख्रिस्ती साधूंच्या अस्थी गोळा करून तो त्या चीनपर्यंत घेऊन गेला. हे शहर प्राचीन काळी फार मोठे होते, असे त्याने लिहिले. पण ते अलेक्झांडरशी लढलेल्या पोरसचे शहर, असे त्याचे म्हणणे. इथे कधीकाळी मोठा राजा होता ही जाणीव हवेत टिकून होती, पण राजाचे नाव गेले होते. त्या रिकाम्या जागी परदेशी पाहुण्याने आपल्या ओळखीचे नाव बसवले. वास्तू उभ्या असतानाही त्यांची गोष्ट सांगणारे कोणी नसेल, तर शहर पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, याचा याहून जुना दाखला मला माहीत नाही.

माझ्या मुद्द्याची खरी कसोटी लागते ती ठाणे आणि वसई या दोन किल्ल्यांची तुलना करताना. दोन्ही पोर्तुगीजांचे, दोन्ही चिमाजी अप्पांच्या एकाच मोहिमेत मराठ्यांकडे आलेले. ठाण्याच्या किल्ल्याचे बांधकाम पोर्तुगीजांनी १७३० मध्ये सुरू केले होते. ते पुरते होण्याआधीच, मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. वसई मे १७३९ मध्ये पडली. पुढे इंग्रजांच्या अमलात वसईच्या किल्ल्याचे महत्त्व संपले, वस्ती उठली, चर्चच्या भिंतींवर वेली चढल्या. आज तो संरक्षित स्मारक आहे आणि सुट्टीच्या दिवशी तिथे माणसांची रीघ असते. ठाण्याच्या किल्ल्याचे दैव वेगळे. तो इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये लढून घेतला, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ठाण्यासह साष्टी बेट कायमचे त्यांच्याकडे राहिले आणि १८३३ पासून या किल्ल्यात तुरुंग आहे. म्हणजे जो किल्ला निकामी झाला तो प्रेक्षणीय ठरला, आणि जो कामाचा राहिला तो लोकांच्या नकाशावरून पुसला गेला. ठाण्याचे तट आणि बुरूज आजही जागेवर आहेत. त्यांच्यावर नजर टाकून रोज हजारो माणसे पुढे जातात आणि त्यांना ती तुरुंगाची भिंत वाटते.

या तटाच्या आत काय काय घडले याची यादी कोणत्याही राजधानीला शोभेल अशी आहे. अरिकेसरीचे तेच दानपत्र १७८७ मध्ये किल्ल्यात नव्या बांधकामाचा पाया खणताना मिळाले. रामलोचन पंडितांनी लावलेल्या अर्थाच्या आधारे त्याचे भाषांतर लगेच पुढच्या वर्षी 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात छापले गेले. भारतीय कोरीव लेखांच्या आधुनिक अभ्यासाच्या अगदी आरंभीच्या पायरीवर ठाण्याचे नाव आहे. बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनानंतर पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यात कैदेत होते आणि सप्टेंबर १८१६ मध्ये इथूनच निसटले. पेशवाईच्या अखेरच्या संघर्षाला या पलायनाने धार आली. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या क्रांतिकारकांना इथेच फाशी झाली. तुरुंग चालू असताना तिथे पर्यटकांना कसे सोडणार, हा प्रश्न रास्त आहे. सुरक्षेशी खेळ करा असे कोणी म्हणणार नाही. पण दिल्लीचा लाल किल्ला १८५७ नंतर दीर्घ काळ लष्कराच्या ताब्यात होता. २००३ मध्ये लष्कराने तो पुरातत्त्व खात्याकडे सोपवला, आणि त्याआधीही त्याचा काही भाग लोक पाहत होते. अंदमानचे सेल्युलर जेल १९७९ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाले. कैदी आत असताना सगळा किल्ला उघडता येणार नाही, पण बाहेरच्या तटाची ओळख करून द्यायला कोणत्याही कुलपाची अडचण नाही.

अंबरनाथच्या शिवमंदिराचे उदाहरण देऊन कोणी माझा मुद्दा उलटवू पाहील. ते मंदिर नऊशेहून अधिक वर्षे पूजेत आहे, महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते, आणि तरीही ते या परिसरातले सर्वांत प्रसिद्ध प्राचीन स्थळ आहे. वापराने वास्तू झाकली जाते, तर हे मंदिर कसे दिसत राहिले? या आक्षेपाने माझा मुद्दा अधिक नेमका होतो. अंबरनाथचा वापर बदलला नाही. शके ९८२, म्हणजे १०६० चा लेख तिथे आहे. छित्तराजाच्या काळात आरंभलेले काम मुम्मुणीच्या काळात पुरे झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या देवासाठी ते बांधले तोच देव आजही तिथे आहे आणि मंदिराचे दार सर्वांना उघडे आहे. शिवाय ते शहराच्या बाहेर, वालधुनीच्या काठी होते, त्यामुळे नव्या सत्तेला त्या जागेवर आपले काही उभारण्याची गरज पडली नाही. आणखी एक गोष्ट घडली. १८६८ मध्ये सरकारी आदेशाने मुंबईच्या कलाशाळेतील मंडळींनी या मंदिराची रेखाचित्रे आणि शिल्पांचे साचे घेतले. मंदिर कागदावर आले, अभ्यासकांच्या चर्चेत आले आणि तिथून सामान्य वाचकाच्या ओळखीचे झाले. ठाण्यात कौपिनेश्वर आहे, पण आजचे देऊळ मराठी अमलात, १७६० च्या सुमारास, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी उभारलेले आणि १८७९ मध्ये लोकवर्गणीतून दुरुस्त झालेले. भक्ती अखंड राहिली, दगड मात्र नवे आले. मधल्या काळात, विशेषतः पोर्तुगीज अमलात, ठाण्यातली देवळे पाडली गेली हे खरे आहे आणि ते लपवायचे कारण नाही. परंतु पाडापाडी वसईतही झाली होती. फरक पडला तो नंतर त्या जागेचे काय झाले यामुळे.

कल्याणची कथा याच वाटेने जाते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याण बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांना कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या देणग्यांचे लेख आहेत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले आणि मराठी आरमाराचा आरंभ याच खाडीशी जोडला जातो. एवढ्या जुन्या बंदराचे पाहण्याजोगे अवशेष शोधू लागलो तर हाती काय येते? शहराच्या तटाचे दगड इंग्रजी अमलात कल्याण आणि ठाण्याच्या धक्क्यांना लागले. दुर्गाडी किल्ल्यावर देवीचे दर्शन आणि नवरात्राची गर्दी आहे. सुभेदारवाड्यात शाळा भरली. यातला कुठलाही वापर मला गैर वाटत नाही. मुले शिकली, माणसे देवीपाशी जमली, यापेक्षा वास्तूचे मोठे भाग्य कोणते? पण शाळेत जाणाऱ्या मुलाला हा वाडा कोणाचा, आणि धक्क्यावर उभ्या राहणाऱ्याला हा दगड कुठला, हे सांगण्याची व्यवस्था आपण केली नाही. कल्याणपासून जवळच, भिवंडी तालुक्यातल्या लोणाडला बौद्ध लेणे आणि जुन्या शिवालयाचे अवशेष आहेत. तिथे दुसऱ्या अपरादित्याचा ११८४ चा लेख मिळाला, आणि शेजारच्या चौधरपाड्याला केशिदेवाचा शके ११६१ चा. म्हणजे राजधानीचा पुरावा शहराच्या वेशीबाहेर खेडोपाडी पसरलेला आहे, आणि तो एका राज्याचा म्हणून कोणी जोडून दाखवत नाही.

जोडणी न होण्याचे एक कारण रेल्वेच्या इतिहासात सापडते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे पाहुण्यांना घेऊन ठाण्याला आली. तंबूंत पाहुण्यांचे खानपान झाले आणि मंडळी मुंबईला परतली. त्या दिवशी पाहण्याची वस्तू गाडी होती. ठाणे हे गाडी थांबण्याचे ठिकाण. पुढच्याच वर्षी खाडीवरचा पूल आणि पारसिकच्या डोंगरातले बोगदे ओलांडून लोहमार्ग कल्याणला पोचला. तेव्हापासून या शहरांकडे पाहण्याची दिशा मुंबईने ठरवली. ठाणे, डोंबिवली, कल्याण ही मुंबईला जाण्या-येण्याची ठिकाणे झाली. १८८२ मध्ये निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचा एक अख्खा खंड प्रेक्षणीय आणि ऐतिहासिक स्थळांना दिलेला आहे. पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या थोर संशोधकाचा त्या कामाला हातभार होता. पुढे वा. वि. मिराशींनी शिलाहारांच्या लेखांचे संपादन केले. ज्ञान अपुरे होते असे म्हणता येत नाही. ते ग्रंथालयात राहिले आणि रस्त्यावर आले नाही, एवढेच.

रोज लोकलमध्ये उभे राहून प्रवास करणाऱ्यांच्या शहरात पाणी, रस्ते आणि गाड्या यांपुढे शिलाहारांची पर्वा कोणी का करावी, हा शेवटचा आक्षेप. त्याला मी हलके समजत नाही. पण ज्या शहरांत बहुसंख्य लोक बाहेरून येऊन वसले, त्यांनाच आपल्या गावाच्या ओळखीची गरज अधिक असते. ज्या जागेचा इतिहास ठाऊक असतो, तिच्या तळ्याबद्दल आणि नदीबद्दल माणूस आवाज उठवतो. तलावपाळीच्या मसुंदा तलावाला आणि वालधुनीच्या प्रवाहाला अशा आवाजाची आज गरज आहे. करायचे काम अवघड नाही आणि खर्चिकही नाही. ठाण्याचा किल्ला, कौपिनेश्वर, दुर्गाडी, लोणाड आणि अंबरनाथ ही पाच ठिकाणे एका राजधानीच्या परिसराचे भाग म्हणून एकाच मार्गात बांधावीत. प्रत्येक ठिकाणी कोणी, केव्हा, काय बांधले आणि नंतर कोणी कशासाठी वापरले, हे मराठीत स्वच्छ लिहिलेले फलक असावेत. ताम्रपटांच्या आणि शिलालेखांच्या प्रतिकृती अर्थासह एका दालनात मांडाव्यात. शाळांच्या सहली या मार्गाने न्याव्यात; ठाण्याहून अंबरनाथपर्यंत डोंबिवली-कल्याणमार्गे लोकल जाते, त्यासाठी वेगळी सोय लागत नाही. यासाठी कोणतीही वास्तू रिकामी करावी लागणार नाही. तुरुंग तुरुंगच राहील, शाळा शाळाच राहील, देऊळ देऊळच राहील. दिल्ली किंवा हंपीची नक्कल इथे शोभणारही नाही, कारण हजार वर्षे माणसांच्या उपयोगी पडत राहणे हेच या राजधानीचे वेगळेपण आहे, आणि पाहुण्याला दाखवायचे ते हेच.