दिनविशेष – २ ऑगस्ट : अबू जुंदालला जन्मठेप (२०१६)

औरंगाबाद शस्त्रसाठा खटल्यात मुंबईच्या विशेष मकोका (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा) न्यायालयाने २ ऑगस्ट २०१६ रोजी झबिउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल याच्यासह सात जणांना जन्मठेप सुनावली.

अन्सारी मूळचा बीड जिल्ह्यातील गेवराईचा. त्याने आयटीआयमध्ये तांत्रिक शिक्षण घेतले. पुढे २००२च्या गुजरात दंगलींचा सूड उगवण्याच्या कटात तो सामील झाला.

मे २००६ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने चांदवड-मनमाड रस्त्यावर दोन गाड्यांचा पाठलाग करून एक गाडी अडवली. तीत ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७ रायफली आणि ३,२०० काडतुसे सापडली. दुसरी गाडी घेऊन अन्सारी मालेगावकडे निसटला आणि बांगलादेशमार्गे पाकिस्तानात पोहोचला. तेथे तो लष्कर-ए-तोयबाच्या वर्तुळात वावरू लागला. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यावेळी कराचीतील नियंत्रण कक्षातून हल्लेखोरांना सूचना देणाऱ्यांत तो होता, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे.

सौदी अरेबियाने हद्दपार केल्यानंतर जून २०१२ मध्ये त्याला दिल्लीत अटक झाली. २८ जुलै २०१६ रोजी शस्त्रसाठा खटल्यात न्यायालयाने त्याच्यासह १२ जणांना दोषी ठरवले. मकोकाची कलमे मात्र टिकली नाहीत.