धावपट्टी मोकळी आहे, हे कोणाला ठाऊक असते?

१/ विमान अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आकाश येते. परंतु प्रवासी विमानवाहतुकीच्या इतिहासातील सर्वाधिक प्राणहानीचा अपघात जमिनीवर, एका धावपट्टीवर झाला. दोन्ही विमाने धडधाकट होती आणि दोन्ही वैमानिक अनुभवी होते. आजचा धागा एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा इतिहास सांगतो : नको त्या वेळी धावपट्टीवर कोणी आहे, हे वेळेत कसे कळावे?

२/ या घटनेला विमानवाहतुकीत 'रनवे इन्कर्जन' म्हणतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या म्हणजे 'आयकाओ'च्या व्याख्येत विमान, वाहन आणि व्यक्ती या तिघांचाही समावेश आहे. मराठीत 'घुसखोरी' हा शब्द सहज सुचतो, पण घुसखोरीत हेतू गृहीत असतो. इथे तो बहुधा नसतो. आपण योग्य जागीच आहोत अशी येणाऱ्याची खात्री असते. म्हणून या धाग्यात 'अनाहूत प्रवेश' असे म्हणू.

३/ २७ मार्च १९७७. कॅनरी बेटांतील ग्रान कनारिया विमानतळावर बाँबस्फोट झाला आणि तिकडे निघालेली विमाने शेजारच्या टेनेरिफ बेटावरील लॉस रोदेओस विमानतळावर वळवण्यात आली. तेथे विमाने उभी करायला जागा पुरेना. टॅक्सीवे अडल्यामुळे निघणाऱ्या विमानांना धावपट्टीवरूनच तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत जावे लागत होते. त्यातच ढग जमिनीवर उतरले. मनोऱ्यातून धावपट्टी दिसेनाशी झाली. जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार तेथे नव्हते.

४/ केएलएमचे बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाशी वळून उभे होते. पॅन अ‍ॅमचे ७४७ त्याच धावपट्टीवरून त्याच्या दिशेने येत होते. केएलएमला पुढच्या मार्गाची परवानगी मिळाली होती, उड्डाणाची नव्हती. ती परवानगी परत वाचून दाखवताना सहवैमानिकाने शेवटी उड्डाणाविषयी एक संदिग्ध वाक्य जोडले. नियंत्रकाने 'ओके' म्हटले आणि मग थांबण्यास सांगितले. त्याच क्षणी आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे पॅन अ‍ॅमने कळवले. एकाच वारंवारतेवर दोन आवाज आदळले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' स्पष्ट पोहोचले. पुढचे शब्द कर्कश शिट्टीत बुडाले.

५/ पॅन अ‍ॅमने थोड्याच वेळात आणखी एक निरोप दिला : धावपट्टी सोडली की कळवू. तो केएलएमच्या कॉकपिटमध्ये ऐकू आला होता. फ्लाइट इंजिनियरने शंका काढली की पॅन अ‍ॅम अजून बाहेर पडले नाही काय? कॅप्टनने ठामपणे ती मोडीत काढली. विमान धावतच राहिले. त्या दिवशी ५८३ माणसे गेली. केएलएममधील २४८ पैकी कोणीही वाचले नाही. पॅन अ‍ॅममधून ६१ जण बचावले.

६/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला अस्सल साधनांचे महत्त्व सांगावे लागत नाही. ब्लॅक बॉक्समधील ध्वनिमुद्रण हे तसेच साधन आहे. ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते. धावपट्टी मोकळी नाही, हे पॅन अ‍ॅमला ठाऊक होते. नियंत्रकाने त्याला अजून ती सोडल्याचे ऐकले नव्हते. केएलएमच्या फ्लाइट इंजिनियरला संशय आला होता. माहिती सर्वत्र होती. ज्याच्या हातात थ्रॉटल होता, त्या एका माणसापर्यंत ती पोहोचली नाही. पुढच्या साऱ्या यंत्रांचा इतिहास हे अंतर कापण्याचा इतिहास आहे.

७/ सर्वांत स्वस्त उपाय यंत्राविना झाला. 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा; एरवी 'डिपार्चर' म्हणायचे, असा दंडक रूढ झाला. एक शब्द राखून ठेवण्याची ही सुधारणा आजही जगभर पाळली जाते.

८/ मग रडारचे काय? ते तंत्र नवे नव्हते. जमिनीवरील हालचाल दाखवणारी रडारे १९५० च्या दशकातच लंडनसारख्या विमानतळांवर येऊ लागली होती. पण ती महाग होती, मोजक्याच ठिकाणी होती आणि पावसात त्यांचे चित्र गढूळ होई. शिवाय ती केवळ चित्र दाखवत. त्या चित्रात धोका आहे, हे ओळखण्याचे काम माणसाचेच राही.

९/ आणि माणूस विसरतो. ११ ऑक्टोबर १९८४ रोजी सोव्हिएत संघातील ओम्स्क येथे ओली धावपट्टी वाळवण्यासाठी गाड्यांना आत सोडले होते. 'धावपट्टी व्यापलेली आहे' असा दिवा लावायचा असतो. तो लावला गेला नाही. परवानगी देणारा नियंत्रक झोपी गेला. उतरणारे टीयू-१५४ त्या गाड्यांवर आदळले आणि १७८ जण मृत्युमुखी पडले. स्मरण राखण्याचे साधन होते, पण ते चालू करायलाही स्मरणच लागत होते.

१०/ १ फेब्रुवारी १९९१, लॉस एंजेलिस. संध्याकाळचा अंधार. कामाच्या गर्दीत असलेल्या नियंत्रिकेने एका छोट्या मेट्रोलायनर विमानाला धावपट्टीवर जाऊन थांबायला सांगितले. पाठोपाठ दुसऱ्या एका विमानाशी बोलण्यात गोंधळ झाला आणि थांबलेले विमान तिच्या मनातून निसटले. तिने यूएसएअरच्या ७३७ ला त्याच धावपट्टीवर उतरण्याची परवानगी दिली. मेट्रोलायनरचे दिवे धावपट्टीच्या दिव्यांत मिसळून गेले होते. एकूण ३५ जण दगावले. त्या विमानतळावर भूपृष्ठ रडार होते, पण त्या दिवशी ते बंद होते.

११/ या काळात अमेरिकेत एक निराळी कल्पना आकाराला येत होती : रडारचे चित्र माणसाने पाहण्याची वाट न पाहता संगणकाने ते वाचावे, दोन वस्तूंचे मार्ग जुळत आहेत का याचे गणित करावे आणि मनोऱ्यात मोठ्याने इशारा द्यावा. 'अ‍ॅमॅस' या नावाची ही यंत्रणा तयार व्हायला अपेक्षेहून फार अधिक वर्षे लागली. विमानतळांवर ती रुळली तेव्हा एकविसावे शतक उजाडले होते.

१२/ तोवर तिच्या मुळाशी असलेली अडचण पुढे आली होती. सेकंद मोजून पाहू. ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाने धावणारे विमान एका सेकंदात ७२ मीटर जाते. इशारा वाजतो, नियंत्रक पडद्याकडे पाहतो, कोणते विमान हे ओळखतो, मायक्रोफोनचे बटण दाबतो, वाक्य बोलतो, वैमानिक ते ऐकून समजून घेतो, मग ब्रेक. यात दहा सेकंद गेले तर विमान ७०० मीटर पुढे गेलेले असते. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने म्हणूनच शिफारस केली की इशारा थेट वैमानिकाला मिळाला पाहिजे.

१३/ पुढच्याच वर्षी, ८ ऑक्टोबर २००१ रोजी, मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुके होते. एक लहान सेसना विमान चुकीच्या टॅक्सीवेवरून निघाले. वैमानिकाने आपण कोठे आहोत हे जमिनीवरील खुणेवरून सांगितले, पण ती खूण नियंत्रकाच्या नकाशात नव्हतीच. सेसना धावपट्टीवर गेले आणि वेग घेणाऱ्या एसएएसच्या एमडी-८७ विमानाने त्याला धडक दिली. ११८ जण ठार झाले. जुने भूपृष्ठ रडार काही काळापूर्वी बंद झाले होते. नवे आणलेले होते, पण कार्यान्वित झालेले नव्हते. पुढे इटलीच्या न्यायालयात अधिकाऱ्यांना शिक्षाही सुनावल्या गेल्या.

१४/ थेट वैमानिकाला इशारा कसा द्यायचा? याचे उत्तर प्रत्येकाच्या ओळखीच्या रंगात सापडले. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने विकसित केलेले 'रनवे स्टेटस लाइट्स' हे फरसबंदीतच बसवलेले लाल दिवे असतात. ते नियंत्रक लावत नाही. धावपट्टीवर वेगाने विमान येत आहे, असे टेहळणी यंत्रणेला दिसले की प्रवेशापाशी आपोआप लाल रेघ उजळते. २००५ पासून डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर त्यांची प्रत्यक्ष वापरात चाचणी झाली.

१५/ या दिव्यांचा एक नियम फार शहाणा आहे. लाल म्हणजे थांबा. पण लाल नसणे म्हणजे परवानगी नव्हे. दिवा विझलेला असला तरी नियंत्रकाची परवानगी लागतेच. यंत्राला नकाराचा अधिकार दिला, होकाराचा दिला नाही. त्यामुळे यंत्र बिघडले तरी माणसाची जुनी शिस्त शाबूत राहते.

१६/ दिव्यांना माहिती पुरवते ती 'एएसडीई-एक्स' सारखी यंत्रणा. तिच्यात रडारच्या जोडीला विमानतळाभोवती अनेक ग्राहक-केंद्रे असतात. विमानाच्या ट्रान्सपॉन्डरचा संदेश प्रत्येक केंद्रापर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोहोचतो. त्या सूक्ष्म फरकावरून विमानाची जागा निश्चित होते. पावसाने रडार गढुळले तरी हे गणित चालते आणि पडद्यावर नुसत्या ठिपक्याऐवजी विमानाचे नाव उमटते. अमेरिकेत ती ३५ विमानतळांवर बसली.

१७/ पस्तिसाव्या विमानतळानंतर काय? ४ फेब्रुवारी २०२३ रोजी टेक्सासमधील ऑस्टिन येथे दाट धुक्यात फेडेक्सचे ७६७ उतरत असतानाच त्याच धावपट्टीवरून साउथवेस्टच्या ७३७ ला उड्डाणाची परवानगी दिली गेली. ऑस्टिनमध्ये भूपृष्ठ टेहळणी यंत्रणा नव्हती. फेडेक्सच्या वैमानिकांना पुढचे विमान दिसले आणि त्यांनी आपले विमान वर उचलले. दोन्हींमधील अंतर २०० फुटांहूनही कमी उरले होते. त्यानंतर विमानांनी स्वतः प्रक्षेपित केलेल्या स्थानावर चालणारी स्वस्त यंत्रणा मध्यम विमानतळांवर बसवण्यास सुरुवात झाली. पहिल्या काहींत ऑस्टिन होते.

१८/ मग सर्व साधने असलेल्या विमानतळावर तरी निर्धास्त असावे का? २ जानेवारी २०२४, टोकियोचे हानेदा. आदल्या दिवशी नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला होता. मदतसामग्री घेऊन निघालेल्या तटरक्षक दलाच्या विमानाला धावपट्टीबाहेरच्या थांब्यापर्यंत जायला सांगितले होते. 'तुमचा क्रमांक पहिला' हेही सांगितले होते. ते विमान धावपट्टीवर जाऊन सुमारे ४० सेकंद उभे राहिले. जपान एअरलाइन्सचे ए३५० त्याच्यावर उतरले. तटरक्षकांच्या सहांपैकी पाच जण मृत्युमुखी पडले. जळत्या ए३५० मधून मात्र सर्व ३७९ जण बाहेर पडले.

१९/ हानेदाच्या मनोऱ्यात इशारा देणारी यंत्रणा चालू होती. पडद्यावर धावपट्टीचा रंग बदलला होता. पण तो इशारा मूक होता आणि नियंत्रकाचे तिकडे लक्ष गेले नाही. टेनेरिफला रडार नव्हते, लॉस एंजेलिसला ते बंद होते, लिनातेला ते सुरू झाले नव्हते. हानेदाला यंत्राला सारे दिसले होते. ४७ वर्षांत अंतर किती कमी झाले हे यावरून कळते, आणि उरलेले अंतर किती घातक आहे हेही.

२०/ हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्याहून दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे ए३२१ वेगात असताना वैमानिकांना धावपट्टीवर जीप आणि माणूस दिसला. त्यांनी विमान नेहमीच्या आधीच उचलले. विमानाच्या मागील भागाला इजा झाली, तरी ते दिल्लीला सुखरूप उतरले. लोहगावची धावपट्टी हवाई दल आणि प्रवासी विमाने दोघांचीही आहे. ज्या जीपवर स्थान प्रक्षेपित करणारे साधन नाही, ती विमानांचे संदेश ऐकणाऱ्या यंत्रणेला दिसत नाही. विमानतळावरील प्रत्येक वाहनावर असे साधन असणे ही चैन समजू नये.

२१/ आता इशारा कॉकपिटच्या आत शिरत आहे. आपण कोणत्या धावपट्टीजवळ आलो हे वैमानिकाला बोलून सांगणारी साधने वापरात आहेत. पुढच्या धावपट्टीवर दुसरे विमान आहे, हे थेट सांगणारी साधनेही विकसित झाली आहेत. २००० सालची शिफारस इतक्या वर्षांनी फळाला येत आहे. या विलंबाला विज्ञानाचा अडसर थोडा आणि खर्चाचा हिशेब, निविदा, दुरुस्तीची दिरंगाई यांचा अडसर मोठा होता, असे माझे वाचन सांगते.

२२/ म्हणून पुन्हा अशी बातमी आली की चूक कोणाची, हे विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. धोका आधी कोणाला दिसला? तेथे बसवलेले यंत्र त्या दिवशी चालू होते काय? आणि ते ज्ञान विमान थांबवू शकणाऱ्या हातापर्यंत किती सेकंदांत पोहोचले? चौकशी अहवालांचा सारा इतिहास या तीन उत्तरांत सामावतो.

२३/ धागा येथे संपतो. टेनेरिफच्या कॉकपिटमध्ये शंका काढणाऱ्या फ्लाइट इंजिनियरचा शब्द का चालला नाही आणि त्यानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात वरिष्ठ-कनिष्ठ नाते कसे बदलले, हा स्वतंत्र विषय आहे. तो पुढच्या धाग्यात.