मिटवामिटवीची कुळकथा

फौजदारी खटल्याच्या पहिल्या पानावर वरच्या ओळीत ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असं लिहिलेलं असतं. ज्याचं डोकं फुटलं तो फिर्यादी साक्षीदारांच्या यादीत सापडतो. मार त्यानं खाल्ला, पण खटला सरकारचा. मग पुढे त्याचं आणि आरोपीचं जमलं, तर खटला सोडायचा कुणी? हा घोळ सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे.

बंगालची सत्ता कंपनीच्या हाती आली तेव्हा तिथल्या फौजदारी अदालतींत मुसलमानी कायदा चालत होता. त्यात खून हा मुख्यतः वारसांचा मामला. त्यांनी किसास मागितला तर जिवाला जीव. दियत, म्हणजे रक्ताची भरपाई, घेतली किंवा माफ केलं, तर खुनी फासावरून वाचे. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिसला हे पटणं शक्यच नव्हतं. १७९० साली त्यानं निजामत अदालत, म्हणजे वरिष्ठ फौजदारी न्यायालय, मुर्शिदाबादहून कलकत्त्याला हलवली आणि वारसांच्या माफीनं खुन्याची शिक्षा टळणार नाही, असा नियम केला. १७९२ मध्ये आणखी पुढची पायरी: वारस फिर्याद करायला आलेच नाहीत, तरी खटला चालणार. माफी अशी घरातून उचलून सरकारी दप्तरात गेली. नंतरचा सगळा इतिहास ती हप्त्याहप्त्यानं परत देण्याचा आहे, असं माझं मत.

इंग्रजांआधी मराठी मुलखात गोतसभेपुढे वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत, म्हणजे होईल तो निवाडा मान्य असल्याची कबुली. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी, म्हणजे जिंकल्याची भेट, घेई, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी, म्हणजे दंड. पाटीलकीच्या वैरात माणूस मारला गेला, तर मेलेल्याच्या वारसांना वतनातली जमीन देऊन वैर मिटवल्याचे कागद आहेत. हे वाचून लगेच हळहळू नये. वतनदाराच्या जिवाला जमीन मिळे. ज्याला वतनच नाही त्याच्या जिवाचं मोल कोण करणार होतं?

१८६० च्या दंडसंहितेनं तर पैसे घेऊन गुन्हा दडपणं हाच गुन्हा ठरवला. कलम २१३ घेणाऱ्यासाठी, २१४ देणाऱ्यासाठी. ज्या गुन्ह्यात तडजोडीला कायद्याची मुभा आहे तिथे ही कलमं लागू नाहीत, हा अपवाद १८८२ मध्ये आताच्या शब्दांत आला. मुभा कशाकशात, याचा तक्ता १८९८ च्या प्रक्रिया संहितेत कलम ३४५ खाली होता. १९७३ च्या संहितेत तो कलम ३२० झाला आणि १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५९.

कायद्याच्या पुस्तकात इतकं मनोरंजक पान क्वचितच असेल. गुन्हा, त्याचं कलम आणि शेवटच्या रकान्यात तो मिटवण्याचा हक्क कुणाला. मारहाणीत मार खाणाऱ्याला, बदनामीत ज्याची अब्रू गेली त्याला, धार्मिक भावना दुखावणाऱ्या बोलण्यात ज्याच्या भावना दुखवायच्या होत्या त्याला. व्यभिचारात मात्र स्त्रीच्या नवऱ्याला! २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कलमच रद्द केलं. चोरी १९७३ च्या तक्त्याप्रमाणे अडीचशे रुपयांपर्यंत मिटवता येई, तीही कोर्टाच्या परवानगीनं. यादी कधी वाढते, कधी आटते: घातक हत्यारानं दुखापतीचं कलम ३२४ पूर्वी तीत होतं, २००९ च्या अखेरीस बाहेर गेलं.

खरी पंचाईत १९८३ मध्ये आलेल्या ४९८-अ नं केली. सासरच्या छळाचं हे कलम यादीत नव्हतं. नवरा-बायको संमतीनं वेगळे होत, स्त्रीधन परत होई, पोटगी ठरे, आणि खटला चालूच राही. हरियाणातलं असंच एक प्रकरण २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं: बी. एस. जोशी विरुद्ध हरियाणा राज्य. उच्च न्यायालयाला एक अंगभूत अधिकार असतो. १९२३ मध्ये तो ५६१-अ म्हणून संहितेत लिहिला गेला, १९७३ च्या संहितेत ४८२ आणि आता ५२८. न्यायालय म्हणालं, तक्ता या अधिकाराच्या आड येत नाही. संसदेनं केलेल्या यादीला हात न लावता शेजारून वाट काढली गेली.

त्या वाटेनं लवकरच बँकेच्या कर्जाचं फसवणूक प्रकरणही गेलं. मग २०१० मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठानं शंका काढली: यादीत नसलेला गुन्हा असा मागच्या दारानं मिटवता येतो का? गंमत अशी, की त्या पीठावरचे न्या. मार्कंडेय काटजू २००८ मध्ये स्वतः अशा निकालांत सहभागी होते. ही शंका ज्यात निघाली त्या ग्यान सिंग प्रकरणात २४ सप्टेंबर २०१२ ला न्या. लोढा यांच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं वाट कायम ठेवली, पण कुंपण घालून. व्यापार, पैसा, लग्न, घरगुती तंटा असा दिवाणी वळणाचा मामला चालेल; खून, बलात्कार, दरोडा चालणार नाही, कारण त्यात समाजही दुखावलेला असतो. राजस्थानातल्या एका शिक्षकाचा पोक्सोचा (बालकांवरील लैंगिक अत्याचाराचा) खटला मुलीच्या वडिलांशी झालेल्या तडजोडीवर रद्द झाला होता, तो नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा उभा केला. मुलीची माफी वडिलांच्या खिशात नसते, हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

पण हा अधिकार फक्त उच्च न्यायालयाचा. तालुक्याच्या कोर्टात तडजोड पुरशीस (तडजोडीचं लेखी निवेदन) चालते ती तक्त्यातल्या गुन्ह्यांपुरती, आणि लोकअदालतीलाही तीच मर्यादा. बाकीच्यांनी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा गोवा गाठायचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही फिरतं पीठ बसू लागलं आहे. वकील करायचा, फिर्यादीचं नाहरकत प्रतिज्ञापत्र जोडायचं, पुष्कळदा खर्च म्हणून काही रक्कम भरायची (हरकी गेली असं कोण म्हणतं?), मग एफआयआर रद्द.

ज्यांना हे परवडत नाही ते गावातच मिटवतात. तारखेला फिर्यादी पिंजऱ्यात उभा राहतो आणि अंधारात कुणी मारलं ते दिसलं नाही म्हणतो. सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करून उलटतपासणी घेतात, पंचही हात वर करतात, आणि आरोपी पुराव्याअभावी सुटतो. निकालपत्रात तडजोडीचा उल्लेख नसतो.