कुलाबा किनाऱ्यावरील प्लेग : जंतूचा पृष्ठभाग आणि तपासणीच्या मर्यादा

प्रस्तावना

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत लक्षावधी लोकांनी शहर सोडले. त्यांतील अनेक कोकणी कष्टकरी मोरा, रेवस, धरमतर या बंदरांवर उतरले. ही बंदरे तत्कालीन कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील होत. या साथीचा इतिहास आपण प्रामुख्याने फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा, सक्तीची तपासणी आणि पुण्यातील रँड प्रकरण यांच्या आधारे शिकवतो. तो योग्यच आहे. परंतु रोगजंतूच्या स्वरूपाचा विचार केल्याशिवाय तपासणी अपुरी का ठरली, हे उलगडत नाही.

तपासणी आणि प्रवासी

तपासनीस प्रवाशाच्या अंगातील ताप आणि काखेतील वा जांघेतील गाठ शोधत. मात्र संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास सामान्यतः दोन ते आठ दिवस लागतात. खाडीपलीकडचा प्रवास काही तासांचा होता. शिवाय उंदरावरील पिसू हा रोगाचा वाहक असल्याचे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत १८९८ मध्ये दाखवले. तोपर्यंत गाठोड्यातील पिसवांकडे रोगाचे वाहक म्हणून पाहिले जात नव्हते.

पृष्ठभागातील बदल

पिसवेच्या शरीरात, सुमारे २६ अंश सेल्सियस तापमानात, प्लेगच्या जंतूवर ‘एफ-१’ हे प्रथिनांचे आवरण जवळजवळ नसते. मानवी शरीरातील ३७ अंशांना ते तयार होते. त्याच तापमानात जंतूच्या बाह्यपटलातील मेद-शर्करेची रचनाही बदलते आणि शरीराची संरक्षक यंत्रणा तिला सहज ओळखत नाही. कॅव्हनॉ व रँडॉल यांनी १९५९ मध्ये दाखवले की, पिसवेतून आलेले जंतू काही भक्षकपेशींत मरतात. पण एककेंद्रकी भक्षकपेशींत ते टिकून वाढतात आणि बाहेर पडताना आवरणयुक्त असतात. त्यानंतर त्यांचे भक्षण होणे कठीण जाते. अर्थात आवरण हे तीव्रतेचे एकमेव कारण नव्हे. ‘एफ-१’ नसलेले काही वाणही घातक ठरतात, कारण यजमान पेशीला चिकटून तिच्यात विषारी प्रथिने सोडण्याची यंत्रणा या जंतूकडे स्वतंत्रपणे असते.

लसीचा प्रश्न

वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. तिच्यासाठी जंतू तूप घातलेल्या मांसरसात वाढवून उष्णतेने मारले जात. जंतू कोणत्या तापमानाला वाढवले यावर त्यांचे आवरण अवलंबून असते, याचे महत्त्व मात्र शुट्झे यांच्या १९३२ मधील अभ्यासानंतर स्पष्ट झाले. म्हणजेच लस परिणामकारक का ठरते, याचे आकलन तिच्या वापरानंतर दशकांनी आले.

निष्कर्ष

बंदरावर प्रवाशाच्या देहाची झडती घेतली गेली, तेव्हा निर्णायक बदल त्याच्या पेशींत, कोणत्याही तपासनिसाच्या दृष्टीआड घडत होता. यावरून सक्तीचे समर्थन होत नाही. उलट अपुऱ्या ज्ञानावर आधारलेल्या सक्तीची किंमत सामान्य प्रवाशाला मोजावी लागली, हे अधिक ठळक होते. म्हणून साथींचा इतिहास शिकवताना इतिहास आणि सूक्ष्मजीवशास्त्र या विभागांनी एकत्र येणे अगत्याचे आहे.