बासन, रुमाल आणि फाईलचे नाव

प्रबंधाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला पोहोचलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याचा संगणक उघडून पाहावा. ‘डाउनलोड ३’, ‘स्कॅन ०००७’, ‘लेख अंतिम’, ‘लेख अंतिम नवा’ अशा नावांच्या शेकडो फाईली तिथे नांदत असतात. त्यांतल्या एखादीत आपल्याला हवा असलेला उतारा आहे हे पक्के आठवते. ती फाईल कोणती, हे मात्र आठवत नाही. संदर्भ-व्यवस्थापनाच्या आज्ञावल्या या दुखण्यावर उपाय म्हणून पुढे आल्या. ग्रंथाची नोंद करावी, त्या नोंदीला फाईल जोडावी आणि जोडलेल्या फाईलला नोंदीवरून नाव द्यावे, असा त्यांचा साधा रिवाज आहे. या रिवाजामागचा प्रश्न मात्र संगणकाहून कितीतरी जुना आहे. वस्तू एका ठिकाणी आणि तिची ओळख दुसऱ्या ठिकाणी ठेवली, तर दोहोंची ताटातूट कशी टाळावी, हा तो प्रश्न.

आपल्याकडची पोथी बांधीव नसे. सुटी पाने, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती कापडाचे बासन. एखादी गोष्ट कायमची बाजूला टाकली की ती ‘बासनात गुंडाळली’ असे आपण अजूनही म्हणतो. सुट्या पानांना विखुरण्याचे भय असतेच. म्हणून लेखनिक पानाच्या समासात ग्रंथनामाची संक्षिप्त अक्षरे आणि पत्रांक लिहीत. भागवताच्या दशम स्कंधाचे पान असेल तर ‘भा. द.’ एवढ्यावर काम भागे. लेखनिकाचे नाव, शक, तिथी, स्थळ हा तपशील अखेरच्या पुष्पिकेत येई. म्हणजे पूर्ण नोंद पोथीच्या शेवटी, आणि तिची अगदी त्रोटक खूण प्रत्येक पानावर. पुष्पिकेचे पान हरवले तरी उरलेली पाने कशाची आहेत हे कळावे, एवढी सोय त्या दोन अक्षरांत होती. फाईलच्या नावाकडून आपली अपेक्षा याहून फारशी वेगळी नाही.

एकोणिसाव्या शतकात पोथ्या घराघरांतून आणि मठांतून निघून संग्रहांत येऊ लागल्या, तेव्हा नावाचा प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. मुंबई सरकारसाठी ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी हस्तलिखितांचा जो शोध घेतला, त्यातून जमलेला संग्रह आधी डेक्कन कॉलेजात होता. १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली आणि पुढल्या वर्षी तो तिथे आला. या संग्रहातील पोथीची ओळख तिचा क्रमांक आणि ती मिळाल्याचे वर्ष यांवरून ठरते. १८७५ साली ब्यूलर काश्मिरात गेले होते. तिथून आणलेल्या ऋग्वेदाच्या शारदा लिपीतील भूर्जपत्री पोथीची खूण ‘५/१८७५-७६’ अशी आहे. २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटावर नोंदल्या गेलेल्या, याच संस्थेतील ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांत तिचा समावेश आहे.

ही खूण बारकाईने पाहावी. तीत ग्रंथाचे नाव नाही, कर्त्याचे नाही, विषयही नाही. असे मुके नाव कशासाठी, असे वाटेल. त्याचे बळ त्याच्या मुकेपणातच आहे. पोथीच्या कर्त्याबद्दलचे मत बदलेल, काळ मागेपुढे होईल, ज्याला आपण एक ग्रंथ समजलो ते दोन ग्रंथ निघतील. क्रमांकाला यांतल्या कशाचीच झळ लागत नाही. पोथी संग्रहात केव्हा आली ही गोष्ट कोणत्याही नव्या संशोधनाने बदलत नाही. उद्धरण द्यायला अशीच खूण हवी.

परंतु मुक्या नावांनी अभ्यास होत नाही. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९२५ साली हाती घेतले, तेव्हा ठिकठिकाणच्या पोथ्यांचे पाठ एकाच पानाच्या तळाशी मांडायचे होते. तिथे प्रत्येक वेळी संग्रहाचा लांबलचक क्रमांक देणे अशक्य होते. त्यांनी प्रतींना लिपीवरून आणि परंपरेवरून संक्षेपाक्षरे दिली: शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम या प्रत्येकीचे एक अक्षर आणि पुढे अनुक्रमांक. देवनागरी प्रतींत नीलकंठाच्या टीकेबरोबरच्या प्रती वेगळ्या, अर्जुनमिश्राच्या वेगळ्या. हे नाव बोलके होते. पाठभेद वाचताच तो उत्तरेकडचा की दक्षिणेकडचा, हे कळे. पण त्या नावाला त्या आवृत्तीबाहेर अर्थ नव्हता, म्हणून प्रत्येक अक्षर कोणत्या संग्रहातील कोणत्या क्रमांकाच्या पोथीला दिले, याची यादी प्रस्तावनेत देणे भाग होते. एकाच वस्तूला दोन नावे हवीत, एक टिकणारे आणि एक बोलणारे, आणि त्यांना जोडणारी नोंद हवी, हा धडा त्या यादीत आहे.

पेशवे दफ्तराची गोष्ट आणखी वेगळी. तिथले कागद रुमालांत बांधलेले. रुमाल हा वस्त्राचा तुकडा असला तरी दफ्तरखान्यात ते कागदांच्या गठ्ठ्याचेच नाव होऊन बसले. १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादनाखाली या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. खंडांची मांडणी विषयवार होती, आणि तिचे ऋण मराठ्यांच्या इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकावर आहे. पण रुमालातून खंडात आलेल्या पत्राचे शेजारी बदलले. खंडात त्याला विषयाचे सोबती मिळाले. दफ्तरात ते कोणत्या कागदांच्या संगतीत होते, हे पाहायला रुमालाकडेच परतावे लागते. कागदाला एका वेळी एकच जागा असते. विषयाची जागा दिली की उगमाची सुटते.

संगणकाने मोडली ती नेमकी ही अडचण. १९८५ साली ओरेन पटाश्निक आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या बिबटेकने प्रत्येक नोंदीला एक किल्ली दिली. लेखात किल्ली लिहायची, संदर्भसूची आपोआप तयार व्हायची. २००६ च्या ऑक्टोबरात झोटेरो आले. ते काढणारे जॉर्ज मेसन विद्यापीठातले केंद्र इतिहासाचे होते, हे मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. झोटेरोत एकच नोंद कितीही संग्रहांत दाखवता येते आणि तरीही फाईल एकच राहते. रुमाल आणि खंड एकाच वेळी साधतात. फाईल साठवली जाते ती आठ रोमन अक्षरांकांच्या, काहीही अर्थ न सांगणाऱ्या फोल्डरात. हा आपला ‘५/१८७५-७६’. फाईलचे नाव मात्र नोंदीवरून बनते: लेखक, वर्ष, शीर्षक. हे आपले समासातले ‘भा. द.’. ऑगस्ट २०२४ मधील सातव्या आवृत्तीपासून या नावाचा साचा वापरणाऱ्याला स्वतः ठरवता येतो.

मराठीचा अभ्यासक इथेच अडखळतो, कारण तो मूळ साचा आपल्या वाङ्मयाला पुरत नाही. ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचे आणि ‘विशाखा’ कुसुमाग्रजांचे; नोंद मुखपृष्ठाप्रमाणे केली तर एका लेखकाचे दोन लेखक होतात. ज्ञानेश्वरी तर या साच्याची कसोटीच पाहते. लेखक ज्ञानेश्वर, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९०, हे खरे. पण मग राजवाडे यांची १९०९ ची प्रत आणि मुंबई सरकारची १९६० ची प्रत यांच्या फाईलींना एकच नाव मिळेल. ओवीचा पाठ कुठून घेतला हा प्रश्न ज्या ग्रंथाबाबत सर्वांत महत्त्वाचा, तिथेच नाव गप्प बसेल. अशा ठिकाणी संपादकाचे नाव आणि आवृत्तीचे वर्ष फाईलच्या नावात आलेच पाहिजे.

लिपीच्या अडचणी निराळ्याच. तिरकी रेघ फाईलच्या नावात चालत नाही, तेव्हा भांडारकर संस्थेचा क्रमांक जसाच्या तसा लिहिताच येत नाही. तिथे आडवी रेघ घालावी लागते. अनेक प्रणालींत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट घेते. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे हाती राहतात. समासातल्या लेखनिकासारखा संक्षेप आपल्यालाही शिकावा लागणार.

इतका काथ्याकूट कशासाठी? आज्ञावल्याही जुन्या होतात म्हणून. मेंडेलीने २०१८ साली वापरणाऱ्याच्या संगणकावरील नोंदींचा संच कूटबद्ध केला. कारण सुरक्षिततेचे सांगितले गेले. पण त्यामुळे त्या नोंदी थेट दुसऱ्या आज्ञावलीत नेणे कठीण झाले. २०२२ साली तिची जुनी संगणकीय आवृत्ती नव्याने उतरवून घेण्याची सोयही थांबली. नोंदीला कुलूप लागले की हाती उरते ती फाईल आणि तिच्यावर लिहिलेले नाव.

विद्यार्थ्यांना म्हणून एवढेच सांगावेसे वाटते. आधी नोंद शुद्ध करावी, मग नाव नोंदीकडून घ्यावे. झोटेरोत साठवलेल्या फाईलचे नाव बाहेरून बदलू नये, कारण तसे केल्यास नोंद आणि फाईल यांचा दुवा तुटतो. हस्तलिखिताच्या छायाचित्रांना संग्रहाचा क्रमांक द्यावा, आपले मत नव्हे. आणि अधूनमधून सर्व नोंदी साध्या मजकुराच्या रूपात काढून फाईलींशेजारी ठेवाव्यात. पोथी उतरवणाऱ्या लेखनिकाला तिचे पुढचे वाचक माहीत नसत. तरीही प्रत्येक पानाच्या समासात तो ती दोन अक्षरे लिहीत राहिला.